अतिशीत विज्ञान

अतिशीत विज्ञान : साधारणपणे उणे 150 अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान निर्माण करणे, ते टिकवणे आणि त्या थंडीत पदार्थ कसे वागतात ते पाहणे, हा या शाखेचा विषय. तापमानाची खालची हद्द उणे 273.15 अंश. तिच्या जवळ जाता येते, पोचता येत नाही.

दाबलेली हवा थंड करून बारीक छिद्रातून एकदम मोकळी सोडली की ती आणखी गार होते. ती गार हवा मागून येणाऱ्या हवेला थंड करत राहते आणि शेवटी हवा द्रवरूप होते. कार्ल फोन लिंडे यांनी 1895 मध्ये या तत्त्वावर यंत्र बनवले. हेलियम उणे 269 अंशांना द्रवरूप होतो. ते 1908 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनला कामरलिंग ओनेस यांना साधले. 1911 मध्ये त्यांनाच त्या थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला आढळला. एमआरआय यंत्रातल्या अतिसंवाहक, म्हणजे विद्युतरोध नसलेल्या, चुंबकाचे मूळ या शोधात आहे.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा 42-43 च्या पुढे जातो. तिथे या विज्ञानाशी अनेकांचा संबंध येतो तो गोठ्यात. कृत्रिम रेतनासाठी वळूचे वीर्य 0.25 मिलिलिटरच्या कांडीत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे पशुसंवर्धन खात्याच्या भाषेत द्रवनत्रात, उणे 196 अंशांना ठेवतात. ग्लिसरॉल मिसळल्यास शुक्रपेशी गोठूनही जिवंत राहतात, हे ब्रिटनमध्ये 1949 साली लक्षात आले. ही सगळी पद्धत त्यावर उभी आहे. लातूरकडची देवणी आणि नांदेडकडची लाल कंधारी या इथल्याच जाती. चांगला वळू गेल्यावरही त्याचा वंश पुढे चालवता येतो तो या कांड्यांमुळेच.

कांड्या ठेवायचे पात्र दुहेरी भिंतीचे असते आणि भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते. जेम्स ड्यूअर यांची ही 1892 ची कल्पना. चहाचा थर्मास तिचाच. आत किती द्रवनत्र उरले ते पाहायला पट्टी तळापर्यंत घालतात, थोडे थांबून बाहेर काढतात आणि हवेत हलवतात. पट्टीवर जिथपर्यंत पांढरे दव गोठते तिथपर्यंत पातळी. पात्राच्या बाहेरच्या अंगावर दव धरू लागले तर मात्र भिंतीतली पोकळी गेली असे समजावे आणि कांड्या लगेच दुसऱ्या पात्रात हलवाव्यात.

खरी काळजी इथेच आहे. कांडी शोधताना ती पात्राच्या तोंडाशी उन्हाच्या हवेत रेंगाळली, तर पेशींतले बर्फाचे स्फटिक पुन्हा वाढू लागतात आणि पेशी फाटतात. कांडी परत बुडवली तरी ते नुकसान भरून येत नाही, आणि कांडीकडे पाहून ते कळतही नाही. कळते ते साधारण 21 दिवसांनी, गाय पुन्हा माजावर आली की. तोवर त्या घराचा चारा, वेळ आणि दुधाचा हिशेब वाया गेलेला असतो. म्हणून कांडी बाहेर येताच 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच वापरायची असते. पाणी हाताने अजमावण्यापेक्षा तापमापीने पाहणे केव्हाही चांगले.

द्रवनत्राचे वायूत रूपांतर झाले की आकारमान सुमारे 700 पट होते. पात्राचे झाकण म्हणूनच कधी हवाबंद करत नाहीत, आणि बंद जीपमधून ते नेताना काच खाली ठेवावी लागते. गळालेला नायट्रोजन प्राणवायूची जागा घेतो आणि त्याला वासही नसतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिसूक्ष्म तरंगांची, वेधशाळा व्हायची आहे. 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तिच्या 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधल्या नळ्यांत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी लागते. अमेरिकेतील लायगोमध्ये नळ्यांतली उरलीसुरली पाण्याची वाफ द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या पृष्ठभागांवर गोठवून धरतात. गोठ्यातल्या पात्रात असते तेच द्रवनत्र.