पाकोळीच्या पाठीवर तांदळाचे दहा दाणे

बेळगावजवळच्या आमच्या खानापूरकडं तिन्हीसांजेला अंगणात उभं राहिलं की कौलाच्या फटीतनं लहान वाघळं एकेक करून सटकायला लागतात, आज्जी त्यांना पाकोळ्या म्हणायची, दहा-पंधरा मिनिटांत सगळं आढं रिकामं होतं आणि मग पहाटेपर्यंत ती असतात कुठं हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. मला लहानपणापासून हाच प्रश्न. पुढं कळलं की वाघळांवर काम करणारे शास्त्रज्ञपण याच प्रश्नामागं लागलेत, आणि त्यांचं सगळं काम सुरू होतं ते वजनकाट्यापासून.

उडणाऱ्या जिवाला ओझं सोसत नाही, म्हणून अंगावर लावायचं यंत्र प्राण्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जड नको असा एक नियम संशोधक पाळतात. हिशेब करून बघा. वडाला उलटी लटकणारी आपली मोठी फळखाऊ वाघळं किलोभर भरतात, म्हणजे ५० ग्रॅमपर्यंत चालतंय, त्यात जीपीएस, बॅटरी, छोटं सोलर पॅनेल सगळं बसतं आणि ते वाघूळ रात्रीत कुठल्या झाडावर गेलं, किती लांब गेलं हे नकाशावर ठिपक्याठिपक्यानं दिसतं. पण कौलातली पाकोळी जेमतेम ५ ग्रॅमची. तिचे ५ टक्के म्हणजे पाव ग्रॅम, तांदळाचे दहा-बारा दाणे बस्स.

एवढ्या वजनात फक्त अगदी लहान रेडिओ टॅग बसतो. पाठीवरचे थोडे केस कातरून तो गोंदानं चिकटवतात, काही दिवसांनी गोंद सुटतो आणि टॅग पडून जातो. टॅगला स्वतःची जागा कळत नाही, तो नुसता बीप बीप करत असतो, म्हणून दोन माणसं दोन टेकड्यांवर अँटेना फिरवत उभी राहतात, आवाज जिकडनं सगळ्यात मोठा येतो ती दिशा कंपासवर घेतात आणि नकाशावर दोन्ही रेघा जिथं छेदतात तिथं वाघूळ. ऐकायला सोपं, पण जांबोटीच्या पुढं दऱ्याखोऱ्यात सिग्नल डोंगरावर आपटून भलतीकडनंच येतो, आणि तोवर वाघूळ दुसऱ्या खोऱ्यात गेलेलं असतं.

सगळ्यात जुना आणि हलका उपाय म्हणजे नंबर कोरलेली कडी. पक्ष्याला पायात घालतात, वाघळाला पंखाच्या पुढच्या हाडावर, पडद्याला इजा होणार नाही अशी. २०१६ मध्ये लंडनजवळ कडी घातलेलं अंगठ्याएवढं वाघूळ २०२१ मध्ये रशियात प्स्कोव्ह भागातल्या एका खेड्यात जखमी सापडलं, २०१८ किलोमीटर लांब! सायबेरियात १९६४ ला कडी घातलेलं एक वाघूळ २००५ ला पुन्हा हातात आलं, म्हणजे ७ ग्रॅमचा जीव ४१ वर्षं जगला. मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

पण कडी असो की टॅग, आधी जाळी लावून वाघूळ पकडायला लागतं, ते घाबरतं, आणि आपल्याकडं वनखात्याच्या परवानगीशिवाय ते करताही येत नाही. म्हणून मला स्वतःला ऐकण्याची पद्धत सगळ्यात आवडते. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, बहुतेक लहान वाघळं त्याच्या वरच्या पट्टीत ओरडतात आणि प्रतिध्वनीवर अंधारात वाट काढतात. वाघळांचा आवाज ऐकवणारा डिटेक्टर काय करतो, आपला एक सूर त्यात मिसळतो आणि दोन सुरांतला फरक तेवढा ऐकवतो, वाघूळ ४५ वर आणि डायल ४३ वर असेल तर आपल्याला २ किलोहर्ट्झ ऐकू येतं. एका मैत्रिणीनं तिचा डिटेक्टर एक रात्र दिला होता, आमच्याच अंगणात लावला तर पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसं टप टप टप, आणि मग एकदम ते थेंब जवळ जवळ येत येत टर्र्र होऊन थांबले. तिनं सांगितलं, आत्ता त्यानं किडा धरला बघ. रोज डोक्यावर चाललेली शिकार मी पहिल्यांदा ऐकत होते.

आता झाडाला बांधून ठेवायचे रेकॉर्डर आलेत, ऑडिओमॉथसारखे, सेकंदाला ३ लाख ८४ हजार नमुने घेतात, नंतर आवाज दहापट हळू करून कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि कुठल्या जातीचं वाघूळ ते ओळखायचं. त्याला हात लावायला नको, दिवा नको.

आणि याचं मोल आपल्या तालुक्याला जास्त आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतनं १९१३ मध्ये एका नव्या वाघळाची शास्त्रात नोंद झाली, ब्रिटिश वनाधिकारी रॉटन यांच्या नावावरनं त्याला रॉटनचं वाघूळ म्हणतात, मोठाले कान कपाळावर एकमेकांना जोडलेले, मानेमागं फिकट पट्टा. कित्येक दशकं जगात त्याची ही एकच जागा ठाऊक होती, मग मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. २०११ मध्ये ती गुहा भीमगड अभयारण्यात आली, वन्यजीव कायद्यात हे वाघूळ सगळ्यात जास्त संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या रांगेत. आणि त्याच कायद्यात वडावरची फळखाऊ वाघळं २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी म्हणून होती, हे मला फार लागायचं.

गुहेत माणसांचा वावर वाढला की वाघळं जागा सोडतात, त्यामुळं तिथं जाळी-टॉर्च घेऊन शिरण्यापेक्षा बाहेर झाडावर रेकॉर्डर ठेवणं कितीतरी बरं. शिवाय रॉटनच्या वाघळाची हाक इतरांपेक्षा खालच्या पट्टीतली, २० किलोहर्ट्झच्याही खाली येते. कान धड असलेल्या पोरांना ती रात्री रानात यंत्राशिवाय, अशीच ऐकू येऊ शकते.