रिमोटच्या विमानातल्या किंवा ड्रोनमधल्या ईएससीची (बॅटरी आणि मोटरच्या मधलं, मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) कुठली वायर वाढवायची?
"मोटरच्या तीन वायरी लांब केल्या की ईएससी जळतो, वाढवायची तर बॅटरीची वाढवा" हे कित्येक वर्षं ऐकतोय, आणि आहे नेमकं उलटं. ईएससी सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो, बॅटरीची वायर लांब असली की दर वेळी तिच्या इंडक्टन्समुळे (करंटमधल्या बदलाला विरोध करायच्या गुणामुळे) व्होल्टेजचा झटका येतो, तो खातो ईएससीवरचा छोटा कपॅसिटर, तापतो, डोकं फुगतं आणि मग मॉस्फेटपण (करंट चालू-बंद करणारे स्विच) गेले. मोटरच्या वाइंडिंगचा इंडक्टन्स मुळातच जास्त, त्यात वीतभर वायरने काय होणार? फक्त जाड घ्या. बॅटरीकडे वाढवावीच लागली तर ईएससीजवळ लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा, फोर-एसला (चार सेलची बॅटरी, फुल चार्ज १६.८ व्होल्ट) ३५ व्होल्टचा, आणि प्लस-मायनस बघून, उलटा लावलात तर फटाकाच.