फॉस्फो-इस्ट्रोजेन ग्राही प्रतिपिंड (सेरीन-११८)

इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पेशीत धरणाऱ्या इस्ट्रोजेन ग्राही-अल्फा (रिसेप्टर) या प्रथिनातील ११८व्या जागेच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसलेला असेल तरच त्याला चिकटणारे प्रयोगशाळेतील प्रतिपिंड (अँटिबॉडी). नेहमीचे प्रतिपिंड पेशीत ग्राही आहे की नाही एवढेच सांगते. हे त्या ग्राहीची त्या घडीची अवस्था दाखवते. स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनात ते विशेष वापरले जाते.

गर्भाशयासारख्या ऊती इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन वर्गातील संप्रेरक धरून ठेवतात, हे एल्वुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात किरणोत्सारी ट्रिटियमची खूण लावून दाखवले. त्यातून पुढे हा ग्राही हाती लागला. तो ५९५ अमिनो आम्लांचा, सुमारे ६६,००० डाल्टन वजनाचा आहे. त्यात फॉस्फेटची भर जेमतेम ८० डाल्टनची. पण सेरीन-११८ जनुके चालू करणाऱ्या भागात येते, म्हणून या छोट्या खुणेला मोल आहे. इस्ट्राडायॉल ग्राहीला जोडले गेले की सीडीके-७ हे विकर तेथे फॉस्फेट बसवते. वाढघटकांनी पेशी चेतवली तर इस्ट्रोजेन नसतानाही एमएपी कायनेज हे दुसरे विकर तेच काम करते. खूण कोणत्या वाटेने आली, हे मात्र प्रतिपिंड सांगू शकत नाही. निष्कर्ष काढताना हे विसरले की मोठी चूक होते.

असे प्रतिपिंड बनवण्यासाठी सेरीन-११८च्या आजूबाजूचा छोटा पेप्टाइड (अमिनो आम्लांची लहान साखळी) फॉस्फेटसह कृत्रिमरीत्या तयार करतात, तो मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात आणि सशाला किंवा उंदराला टोचतात. सशाच्या रक्तद्रवात फॉस्फेट नसलेल्या पेप्टाइडलाही चिकटणारी प्रतिपिंडे असतात. फॉस्फेटविरहित पेप्टाइडच्या स्तंभातून द्रव नेऊन ती काढून टाकावी लागतात. या प्रतिपिंडाची खरी किंमत याच गाळणीत आहे. एकाच पेशीवंशातून सतत मिळणारे एककृंतक प्रतिपिंड कोहलर आणि मिलस्टाइन यांच्या १९७५च्या हायब्रिडोमा (प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडण्याच्या) तंत्राने मिळते. १६जे४ हे सेरीन-११८साठीचे उंदराचे एककृंतक प्रतिपिंड त्यांपैकीच.

चाचणी बहुधा एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर, वेस्टर्न ब्लॉट पद्धतीने होते. तीत पेशीतील प्रथिने आकारानुसार वेगळी करून पटलावर उतरवतात आणि प्रतिपिंड जिथे चिकटते तिथे पट्टा दिसतो. भारतातील प्रयोगशाळांना या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात. पेशींना आधी संप्रेरकाविना ठेवतात. त्यासाठी कोळशाने संप्रेरके शोषून घेतलेला सीरम वापरतात आणि माध्यमातला फिनॉल रेडही वगळतात, कारण हा रंगच इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम करतो. मग इस्ट्राडायॉल दिले की काही मिनिटांतच पट्टा गडद होतो.

पेशी फुटताच त्यांच्यातील फॉस्फेटेज विकरे मोकळी होतात आणि खुणा पुसू लागतात. म्हणून सारे काम बर्फावर, या विकरांना रोखणारे सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनडेट घालून उरकावे लागते. प्रतिपिंड भलतीकडे चिकटू नये म्हणून पटल झाकायला दुधाची भुकटी शक्यतो वापरत नाहीत. दुधातील केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त असल्याने पार्श्वभूमी डागाळते. त्याऐवजी गोवंशीय सीरम अल्ब्युमिन घेतात.

पट्टा दिसला एवढ्यावर विश्वास ठेवू नये. नमुन्यावर लॅम्ब्डा फॉस्फेटेज हे फॉस्फेट काढणारे विकर चालवल्यावर तो नाहीसा व्हायला हवा. सेरीनच्या जागी अॅलानिन हे फॉस्फेट न धरणारे अमिनो आम्ल बसवलेल्या ग्राहीत तो दिसताच कामा नये. शिवाय एकूण ग्राहीचे मोजमाप त्याच नमुन्यात हवे, नाहीतर फॉस्फेट वाढले की मुळात ग्राहीच वाढला, हे कळायला मार्ग उरत नाही.

रुग्णालयात टॅमॉक्सिफेनसारख्या, इस्ट्रोजेन ग्राहीला अडवणाऱ्या औषधाच्या उपचाराचा निर्णय एकूण ग्राहीच्या चाचणीवर होतो. सेरीन-११८वरील खुणेवरून उपचाराचा परिणाम आधी ओळखता येईल का, याचाही अभ्यास झाला. निष्कर्ष मात्र परस्परांशी जुळत नाहीत. गाठ काढल्यापासून ती फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला, यावरही ही नाजूक खूण टिकणे अवलंबून असते.