स्टिरॉइडचा डोस कमी होताना दुखणं परत आलं, तर

आमच्या सांगलीच्या औषधांच्या दुकानात आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे घडतंच. आमवातासाठी प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी घेणारे पेशंट खिशातून तीन महिन्यांपूर्वीची चिठ्ठी काढतात आणि म्हणतात, "डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅमवर आणलंय, पण सकाळी उठवत नाही. तुम्ही आपली दहाची स्ट्रिप द्या." आम्ही नाही म्हणतो, काही जण नाराज होतात. नाही का म्हणतो ते काउंटरवर गर्दीत नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिलंय.

आपल्या मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचं स्टिरॉइड बनवतात. साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या गोळीइतकं. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ बाहेरून गोळी मिळत राहिली की या ग्रंथी मंदावतात. डोस पायरी पायरीने उतरवायचा तो त्यांना पुन्हा कामाला लागायला सवड मिळावी म्हणून. गोळी एकदम बंद केली तर उलट्या, चक्कर, बीपी उतरणं, हातापायातलं त्राण जाणं असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. तसं काही झालं तर आमच्याकडे येऊ नका. थेट दवाखान्यात जा आणि गेल्या गेल्या सांगा, "मी स्टिरॉइड घेतो."

आता दुखण्याबद्दल. डोस उतरल्यावर पहिल्या काही दिवसांत अंग ठणकणं, थकवा येणं, मन उदास होणं बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. ही शरीराची कुरकुर असते. आजार पुन्हा उसळला असेल तर चित्र वेगळं दिसतं: बोटांचे सांधे सुजतात, हाताला गरम लागतात, सकाळचा ताठरपणा तासभर तरी सुटत नाही आणि दिवसेंदिवस वाढतच जातो. नक्की काय ते डॉक्टरच तपासून आणि ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पाहून ठरवतात. पण कुठला सांधा, किती वेळ ताठर, कोणत्या तारखेपासून, एवढं कॅलेंडरवर लिहून नेलंत तर त्यांचं काम निम्मं होतं.

सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारी चूक म्हणजे दुखलं की कपाटातली जुनी स्ट्रिप काढून मनाने डोस वाढवायचा, बरं वाटलं की पुन्हा कमी करायचा आणि हे डॉक्टरांना सांगायचंच नाही. डॉक्टर समजतात पेशंट साडेसातवर ठीक आहे, म्हणून पाचवर आणतात. प्रत्यक्षात तो दहावर असतो. म्हणजे ती पायरी दुप्पट उंच, मग दुखणं आणखी भडकतं आणि चार महिन्यांची मेहनत पुन्हा पहिल्यापासून. आधी डॉक्टरांना फोन करा. डोस परत चढवायचा असेल तर ते तशी नवी चिठ्ठी देतील, आणि मग आम्हीही लगेच देऊ.

याच घाईत आणखी एक घडतं. आमवात आटोक्यात ठेवणाऱ्या मेथोट्रेक्सेट या गोळीने "काही फरक नाही" म्हणून ती बंद केली जाते. तिचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. स्टिरॉइड उतरवता येतं ते याच गोळीच्या आधारावर. आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. चुकून रोज घेतली तर जिवाला धोका आहे.

डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मनाने जोडू नका. स्टिरॉइडबरोबर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. शी काळी झाली तर वाट न बघता दवाखान्यात जा. गावाकडच्या "दोन दिवसांत गुण" देणाऱ्या पुड्यांपासूनही लांब राहा, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. आणि तुमची गोळी बदलून "तीच, दुसऱ्या कंपनीची" कोणी दिली तर आकडा आणि औषधाचं नाव दोन्ही बघा. प्रेडनिसोलोन पाच, डिफ्लाझाकॉर्ट सहा आणि मिथाइलप्रेडनिसोलोन चार हे साधारण सारखेच. डेक्सामेथासोन मात्र पाऊण मिलिग्रॅमच तेवढं भरतं.

प्रेडनिसोलोन शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं औषध आहे, ताज्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही. पण आमचा हट्ट नुसता कायद्यासाठी नाही. चिठ्ठी ताजी असली तर डोस कुठवर उतरलाय ते आम्हालाही दिसतं.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत किंवा हळद काढणीत मिरजेच्या डॉक्टरांकडची फेरी चुकते, हे आम्हाला माहीत आहे. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या पेशंटनी त्या दिवसांत डॉक्टरांना फोनवर विचारून, त्यांनी पाठवलेली नवी चिठ्ठी आम्हाला दाखवावी. चिठ्ठी आली की आम्ही तारखांसह आठवड्यागणिक पाकिटं बांधून देतो, सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची गोळी वरच लिहून. अडीच मिलिग्रॅमची गोळी आम्ही ठेवतोच, म्हणजे तुम्हाला मोडत बसावं लागत नाही. पाकिटांचे वेगळे पैसे घेत नाही. बीपीही बघून देतो.

येताना घरातल्या उरलेल्या जुन्या स्ट्रिपही घेऊन या. किती गोळ्या जास्त गेल्या ते आपण एकत्र मोजू आणि तो आकडा चिठ्ठीच्या मागे लिहून देऊ, डॉक्टरांना दाखवायला.