काळी नदीतील नौकाभोजन

बेळगाव-कारवार सीमाभागातील एक उन्हाळी विहार. कारवारजवळ काळी नदीच्या मुखाशी शिडाच्या लाकडी होडीत बसायचे, भरतीबरोबर वर जायचे, चांदण्यात जेवायचे आणि ओहोटीबरोबर परतायचे, असे त्याचे स्वरूप.

याचा सर्वपरिचित लेखी दाखला रवींद्रनाथ टागोरांच्या आठवणींत सापडतो. १८८३ च्या सुमारास ते कारवारला आपले बंधू, न्यायाधीश सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले होते. शुक्लपक्षातल्या एका संध्याकाळी ही मंडळी नदीतून वर गेली, एका डोंगरी किल्ल्यापाशी उतरली आणि एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात सोबत नेलेली शिदोरी उघडून जेवली. टागोर हा किल्ला शिवाजी महाराजांचा म्हणतात, नाव देत नाहीत. सामान्यतः तो सदाशिवगड समजला जातो. मात्र जुन्या गॅझेटियरनुसार सदाशिवगड सोंदे संस्थानाच्या बसवलिंग राजाने वडिलांच्या नावे बांधला. शिवाय तो मुखाशीच आहे, आणि परतताना मुखापर्यंत यायला बराच वेळ लागल्याचे टागोर सांगतात. महाराजांनी १६७५ च्या सुमारास घेतलेल्या ठाण्यांपैकी कद्रा नदीकाठीच आहे, पण एका रात्रीच्या फेरीला ते फार दूर पडते. तेव्हा दोहोंच्या मधले एखादे ठाणे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वेळेचे गणित कोळ्यांच्या तिथीच्या हिशेबावर चालते. तिथीच्या पाऊणपट तासांनी भरती पूर्ण होते, म्हणजे पौर्णिमेला (१५ वी तिथी) सव्वाअकराच्या आसपास. त्यामुळे तिन्हीसांजेला पाणी चढत असते. दुपारपासून वाहणारा खारा वारा शिडात भरून घेत होडी वर निघते. सूर्य बुडाल्यावर वारा पडतो, तेव्हा भरती साथ देते. मध्यरात्रीच्या आधी पाणी फिरले की वल्ह्यांशिवाय होडी आपसूक खाली येते. टागोरांची होडीही परतताना प्रवाहाबरोबर वाहत आली, हे या गणिताशी जुळते. पुढे मुखाशी उतरून ती मंडळी वाळूतून चालत घरी गेली.

होडीच्या बांधणीत सागवानी फळ्या, डोलकाठीला तिरपे बांधलेले परबाण (शीड बांधायचा लांब वासा) आणि त्यावर त्रिकोणी शीड असते. मृगाच्या आधी होड्या काठावर ओढून झाकून ठेवतात.

जेवणात बांगडा, तिसऱ्या (शिंपले), भात आणि सोलकढी असते. आता शिडांची जागा यांत्रिक बोटींनी घेतली आहे. सुपा, कोडसळ्ळी आणि कद्रा येथील धरणांमुळे नदीचा वरचा प्रवाह अडला असला तरी मुखाकडील खाडीत भरती-ओहोटी चालूच आहे.