विमानाच्या सांगाड्याचे आयुष्य आणि ‘वैधता-मर्यादा’

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून सुटणाऱ्या विमानाचे वय विचारले, तर उत्तर वर्षांत मिळते. सांगाड्याची झीज मात्र प्रामुख्याने उड्डाणांच्या संख्येवर ठरते, कारण प्रत्येक उड्डाणात केबिनमधील दाबाने धडाचा पत्रा ताणला जातो आणि उतरताना सैल होतो. इंजिनातला क्रँकशाफ्ट नेमका कोपऱ्याच्या गोलाईतून का तुटतो, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारखान्यांत कोणाला समजावावे लागत नाही. विमानात तसाच तडा बहुधा पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या छिद्रापाशी सुरू होतो.

१९५४ मध्ये दोन कॉमेट ही ब्रिटिश जेट प्रवासी विमाने हवेत फुटली, तेव्हा वारंवारच्या ताणाने धातूला येणारा हा थकवा जगाच्या लक्षात आला. १९७८ मध्ये अमेरिकी नियम बदलले: तडा पडणारच असे गृहीत धरून तो घातक होण्याआधी सापडेल, अशा तपासण्या नव्या रचनांसाठी आखायच्या. विचार योग्य होता, पण त्यात विमान कधी थांबवायचे याचा आकडाच राहिला नाही.

त्याची किंमत २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर दिसली. १९ वर्षांच्या एका बोइंग ७३७ च्या छताचा सुमारे १८ फूट भाग उडून गेला आणि एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली. विमानाचे तास ३५,४९६ होते, पण उड्डाणे ८९,६८०, म्हणजे सरासरी एक उड्डाण जेमतेम २४ मिनिटांचे. खाऱ्या हवेत पत्र्यांच्या सांध्याची चिकटवण सुटली होती, सगळा भार रिव्हेटांवर आला होता आणि शेजारशेजारच्या छिद्रांतील बारीक तडे एकमेकांना जाऊन मिळाले होते. एकेकटा तडा शोधणारी तपासणी अशा वेळी अपुरी पडते.

तरीही ‘वैधता-मर्यादे’चा अमेरिकी नियम यायला २०१० उजाडले, २२ वर्षांचा हा विलंब समर्थनीय वाटत नाही. या संज्ञेचा अर्थही अनेकदा चुकीचा घेतला जातो. ती विमान मोडण्याची तारीख नव्हे. किती उड्डाणांपर्यंत किंवा तासांपर्यंत त्याच्या तपासणी-कार्यक्रमाला चाचण्यांचा आणि अभ्यासाचा आधार आहे, हे ती सांगते आणि त्यापुढे ते उडवता येत नाही. मात्र वाढीव पुरावा देऊन ती मर्यादा पुढेही नेता येते.

शिवाय जुन्या विमानांपैकी सुमारे ३४ टनांहून जड विमानांनाच तो नियम लागू झाला. कोल्हापूरसारख्या शहरांना जोडणारे एटीआर-७२ सुमारे २३ टनांचे असते. ते कमी उंचीवरून उडत असल्याने केबिनच्या दाबाचा ताण कमी पडतो, मात्र तासाभराच्या फेऱ्यांमुळे उड्डाणांचा आकडा भराभर चढतो. त्याची भिस्त निर्मात्याने ठरवलेल्या तपासण्यांवर आणि भाग बदलण्याच्या मुदतींवर आहे.