वर्कफ्लो की केस मॅनेजमेंट?

कार्यालयातली कामं पुढे नेणारी ही दोन प्रकारची सॉफ्टवेअर. दोन्हींच्या स्क्रीन सारख्याच दिसतात: कामांची यादी, कोणाकडे काय अडकलंय, मुदत कधी संपते. मग ‘आमची प्रक्रिया फार किचकट आहे, म्हणजे केस मॅनेजमेंटच लागणार’ असं बैठकीत कोणीतरी ठरवून टाकतं. पण किचकट असणं वेगळं आणि अनिश्चित असणं वेगळं.

पगाराचं काम घ्या. रजा, कपाती, कर, थकबाकी, अटींवर अटी. तरी सगळा मार्ग आधीच कागदावर काढता येतो. हे वर्कफ्लोचं काम. आता विम्याच्या दाव्यात गैरप्रकाराचा संशय आला, असं समजा. पायऱ्या मोजक्याच: कागदपत्रं मागवणं, साक्षीदाराशी बोलणं, तज्ज्ञाचा अहवाल घेणं. पण कोणती आधी, कोणती दोनदा आणि कोणती मुळीच नको, हे पहिला अहवाल हातात पडल्याशिवाय कळत नाही. पुढची पायरी वर्कफ्लोत आराखडा ठरवतो, इथे फाईल हाताळणारा माणूस ठरवतो.

ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेची, कामाचं चित्र कसं काढायचं ते सांगणारी दोन मानकं शेजारी ठेवली की हा फरक डोळ्यांना दिसतो. 2011 च्या बीपीएमएन 2.0 या वर्कफ्लोच्या मानकात बाणांचं राज्य आहे. बाण नेईल तिकडे काम जातं. 2014 मध्ये आलेल्या सीएमएमएन या केस मॅनेजमेंटच्या मानकात अख्खं प्रकरण फाईलच्या आकारात काढतात आणि कामं आत सुटी पडलेली असतात. अट पूर्ण झाली की काम करता येतं. तुटक रेषेची चौकट असलेलं काम घ्यायचं की सोडायचं, हे माणसाच्या मर्जीवर.

मला मात्र माहितीचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. वॅन डर आल्स्ट, वेस्के आणि ग्रुनबाउअर या संशोधकांनी 2005 च्या लेखात वर्कफ्लोचा एक दोष दाखवला होता: माणसाला त्याच्या पायरीपुरतीच माहिती दिसते, जणू बोगद्यातून बघतोय. पगाराच्या कामात तेवढं पुरतं. चौकशी करणाऱ्याला मात्र अख्खी फाईल समोर लागते, नाहीतर तो ठरवणार कशाच्या जोरावर?

अशी चौकशी वर्कफ्लोत कोंबली की प्रत्येक अपवादाला एक नवा ‘परत पाठवा’ बाण फुटतो. शेवटी खरं काम फोनवर होतं आणि सिस्टिममध्ये नुसती बटणं दाबली जातात. उलट चूकही होते. पगाराला केस मॅनेजमेंट लावलं, तर जे आपोआप व्हायला हवं त्यासाठी कोणाच्या तरी निर्णयाची वाट बघत बसावं लागतं.

सीएमएमएनची चित्रं फारशी रुजली नाहीत; कमुंडा या सॉफ्टवेअरने तर आठव्या आवृत्तीत त्यांचा आधारच काढून टाकला. कल्पना मात्र टिकून आहे. बीपीएमएनमध्येही क्रम न ठरवता कामं एका चौकटीत ठेवायची सोय आहे. शिवाय प्रत्यक्षात दोन्ही एकत्र नांदतात: चौकशी केस म्हणून चालते, दावा मंजूर झाला की पैसे देण्याचं काम वर्कफ्लोकडे जातं.

निवड करण्याआधी बंद झालेल्या वीसेक फाईली काढा आणि प्रत्येकीत काय कोणत्या क्रमाने घडलं ते लिहा. क्रम जुळला तर प्रश्नच मिटला. नाही जुळला, तर तो कामाच्या स्वरूपामुळे बदलतो की ज्याच्या त्याच्या सवयीमुळे, हे त्या माणसांनाच विचारा. नुसत्या सवयीसाठी केस मॅनेजमेंट विकत घ्यायची गरज नाही.